प्रीपोन

दाढ ठणकत असताना अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दुपारी 12 च्या वेळेला दंतवैद्यांकडे पोचलो, तर वहीतून मान वर न काढता कंपाउंडर म्हणाले, "तुमची अपॉइंटमेंट 10 ला प्रीपोन केली होती. मेसेज टाकलाय." मेसेज आलेला नव्हता, आणि मी तसे म्हणणार एवढ्यात शेजारच्या खुर्चीतून सुजलेल्या गालावर बर्फाचा रुमाल धरलेले एक निवृत्त इंग्रजीचे सर कडाडले, "प्रीपोन असा शब्दच नाही!"

मला वाटले, माझी बाजू घेणारे कोणी तरी भेटले. पण सरांना माझ्या दाढेशी काहीही देणेघेणे नव्हते. लॅटिनमध्ये 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे, म्हणून पोस्टपोन हा खानदानी शब्द असून प्रीपोन ही शुद्ध देशी भेसळ आहे, असे त्यांनी बजावले. 'प्रे' म्हणजे आधी, 'प्रेपोनेरे' हे क्रियापद लॅटिनमध्ये आहेच, सरांनी जन्मभर शिकवलेले प्रेपोझिशन त्यातूनच आले, आणि 16व्या शतकातल्या इंग्रजीतही प्रीपोन 'समोर ठेवणे' या अर्थाने आढळतो, हे मी दाढ दाबून सांगितले. "तो अर्थ वेगळा," म्हणत सरांनी हात उडवला आणि रुमालातले थंड पाणी माझ्या केसपेपरवर सांडले.

मग त्यांना चेव आला. कंपाउंडर हा शब्दही 'कॉम' म्हणजे एकत्र अधिक 'पोनेरे' असा बनला आहे, औषधे एकत्र करतो तो कंपाउंडर, हे त्यांनी त्या गृहस्थांकडे बोट दाखवून सांगितले. गृहस्थ फक्त पेशंट एकत्र करत होते. "आणि मी स्कूटर लावली ते कंपाउंड?" असे मी विचारल्यावर, ते बहुधा मलायी 'कांपोंग'वरून आले असून त्याचा लॅटिनशी काडीचा संबंध नाही, हेही त्यांनी तितक्याच ठसक्यात सुनावले.

व्युत्पत्ती काहीही असो, हे क्रियापद दवाखान्यालाच का चालवता येते, हे मला कळत नाही. पेशंट दोन तास आधी आला तर त्याला बाकावर बसवून जुनी मासिके वाचायला लावतात. त्याने प्रीपोन केले असे कोणी म्हणत नाही.

अखेर मला पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली. आधी भरलेले डिपॉझिट चुकलेल्या अपॉइंटमेंटपोटी जमा धरले असून आता नवे भरावे लागेल, असे कंपाउंडर म्हणाले, तेव्हा सर खुर्चीतून पुढे झुकले. "डिपॉझिटसुद्धा पोनेरेच बरं का! 'दे' म्हणजे खाली."

मी पाकीट काढले.