डेट्रॉइट फोर्डच्या आधी जंगल नव्हतं, मामा

'डेट्रॉइट म्हणजे नुसतं जंगल. हेन्री फोर्ड आला, मोठ्या मनाने मजुरांचा पगार दुप्पट केला, युनियनची गरजच उरली नाही आणि शहर उभं राहिलं.' हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. पण आता मामांनी तो चाकणला कंत्राटी कामावर लागलेल्या माझ्या धाकट्या भावाला पाठवलाय, वर 'मालकावर विश्वास ठेव' हा सल्ला फुकट.

जंगलाचं आधी उरकतो. डेट्रॉइट हे अमेरिकेतलं शहर. 1701 साली कादियाक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने तिथे नदीकाठी किल्ला बांधला, तोही मूळ रहिवाशांच्या मुलखात. 1805 ला गाव जळालं, पुन्हा वसलं. 1825 ला न्यूयॉर्ककडून तिकडे जलमार्ग देणारा ईरी कालवा सुरू झाला आणि माणसांची रीघ लागली. पुढे रेल्वेचे डबे, लोखंडी शेगड्या, औषधं यांचे कारखाने निघाले. अमेरिकेच्या 1900 च्या जनगणनेत लोकसंख्या 2,85,704, देशात तेरावा नंबर. फोर्ड मोटर कंपनी निघाली 1903 ला. मग ही सगळी माणसं काय झाडावर राहत होती?

मोटारींमुळे शहर अफाट वाढलं, हे मात्र खरं. 1920 ला आकडा 9,93,678 वर गेला. त्यात फोर्डचा वाटा मोठा, तेवढं देऊन टाकतो. पण ओल्ड्स, पॅकार्ड, डॉज हे मोटारवालेही तिथलेच.

आता तो 'मोठ्या मनाचा' पगार. 1913 ला फोर्डने सरकता पट्टा आणला. दिवसभर एकच नट आवळायचा, या कामाला माणसं विटली, भराभर सोडून जाऊ लागली. एका वर्षात गळती 370 टक्के, म्हणजे एकेका जागेवर तीन-चारदा माणूस बदलला! म्हणून जानेवारी 1914 मध्ये पाच डॉलर रोज जाहीर झाला. त्यातही मूळ पगार सुमारे 2.34 डॉलरच, बाकी 'नफ्यातला हिस्सा', आणि तो अटींवर. कंपनीचे तपासनीस घरी येणार. घर स्वच्छ आहे का, दारू किती पितोस, बचत किती, बायकोशी लग्न खरंच झालंय का, सगळं विचारणार. नापास झालात तर हिस्सा बंद. बायकांना तर सुरुवातीला तो नव्हताच. आपल्याकडे सुपरवायझर घरात डोकावला तर मामाच पहिले काठी उचलतील.

आणि युनियनची गरज नव्हती म्हणे! 26 मे 1937 ला युनियनचा नेता वॉल्टर रूथर आणि सोबती फोर्डच्या रूज कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटायला गेले. कंपनीच्या माणसांनी त्यांना गेटजवळच्या पुलावर बडवलं, फोटोग्राफरांच्या कॅमेऱ्यातल्या प्लेटा हिसकावल्या. एकाने लपवलेल्या प्लेटा वाचल्या, म्हणून ते फोटो आज बघायला मिळतात. फोर्डने युनियनशी करार केला तो 1941 ला, कामगारांनी संप करून कारखाना बंद पाडल्यावर.