‘जागरूक करदाता’ यांना उत्तर : नव्वद अंडी आणि पाच किलो मटण

आठव्या वेतन आयोगाच्या निमित्ताने मी किमान वेतनाच्या हिशेबावर लिहिलं, त्याखाली ‘जागरूक करदाता’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देते. सरकारी शिपायाला खासगीतल्या मदतनीसाच्या दुपटीहून जास्त मिळतं, हे सातव्या आयोगाच्याच अहवालात आहे आणि मी ते ‘सोयीस्करपणे लपवलं’. सरकारी नोकर कामं करत नाहीत. राज्य कर्जात बुडालंय. पेन्शनचा बोजा आहेच. आणि ‘लेखिका स्वतः याच ताटात जेवल्या असल्याने त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच.’ त्यानंतर हे वाक्य : ‘नवरा-बायको आणि दोन मुलं एवढ्यांना महिन्याला नव्वद अंडी आणि पाच किलो मटण माझ्या करातून का म्हणून खाऊ घालायचं?’

करदाता महोदय, आधी एक सांगा. मी इथे नावानिशी लिहिते. इंदूरच्या सुदामा नगरातले निम्मे लोक मला ओळखतात, भाजी घेताना थांबवून लेखातल्या चुका काढतात, मी ऐकून घेते. तुम्ही टोपणनावाआडून एका निवृत्त बाईचं ताट काढता. मतभेद असू द्या हो, पण हा काय सूर झाला? ‘मॅडमना आकडेमोड जमत असेल तर’ अशी सुरुवात करून तुम्ही मला आकडे शिकवायला बसलात. नोकरीचा बराचसा काळ मी स्थापना शाखेत लोकांची वेतननिश्चिती करण्यात घालवला आहे. पाचवा, सहावा, दोन्ही आयोगांची सर्व्हिस बुकं माझ्या हाताखालून गेली. सातव्याची मी दुसऱ्यांना शिकवली.

आता तुमची एक गोष्ट मान्य करते. खासगी-सरकारी तुलनेचा परिच्छेद माझ्या लेखात नव्हता. लेख किमान वेतनामागच्या उष्मांकांच्या हिशेबावर होता म्हणून नव्हता. पण असता तर वाचकाला चित्र जास्त पुरतं मिळालं असतं, हे म्हणायला माझी काही हरकत नाही. झालं समाधान?

तर अंडी.

हा आकडा कुठल्या युनियनवाल्याने चहा पिता पिता ठरवलेला नाही. डॉ. वॉलेस आयक्रॉइड हे आहारशास्त्रज्ञ, स्वातंत्र्याआधी कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक. मध्यम अंगमेहनतीचं काम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० उष्मांक लागतात, हा हिशेब त्यांचा. १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने तो स्वीकारला आणि वर घातलं वर्षाला कुटुंबाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण किमान वेतनाच्या वीस टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के जोडायला सांगितले. सातव्या आयोगाने हेच सूत्र घेऊन किराण्याची यादी केली. माणशी दिवसाला ४७५ ग्रॅम तांदूळ किंवा गहू, ८० ग्रॅम डाळ, २०० मिलिलीटर दूध, ४० ग्रॅम तेल. अंडी महिन्याला नव्वद, म्हणजे सूत्राने धरलेल्या तीन तोंडांना दिवसाला एकेक. तुमच्या घरी नाश्त्याला किती लागतात?

आमच्या घरी अंडं शिजत नाही. यादीतल्या वस्तू घरपोच येतात अशी तुमची समजूत दिसते. त्यांचे भाव धरून एक रक्कम काढतात, तिच्यातून कोणी मटण आणतं, कोणी पनीर, कोणी मुलाची ट्यूशन भरतं. तुम्हाला मटणच तेवढं दिसलं. डाळ नाही दिसली.

आणि ‘नवरा-बायको आणि दोन मुलं’ हे शब्द तुम्ही इतक्या सहज लिहिलेत, त्यातच खरी गोम आहे. या चौघांना सूत्रात चार धरत नाहीत, तीन धरतात. नवरा १, बायको ०.८, मुलं ०.६ आणि ०.६. बाईचं तोंड पुरुषापेक्षा दोन दशांशाने लहान. जी बाई पाणी भरून, धुणीभांडी करून, चार घरी पोळ्या लाटून येते तिला दोन दशांश कमी भूक लागते, हे १९५७ मध्ये ठरलं आणि त्याला अजून कोणी धक्का लावलेला नाही. बरं, आई-वडील? शून्य. सासू-सासरे? शून्य. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत नऊवारीत होत्या. वर्षाचे ७२ वार म्हणजे महिन्याला साडेपाच मीटर, ते चौघांचं. नऊवारी सव्वाआठ मीटरची. म्हणजे म्हातारीला एक लुगडं घ्यायचं तर घरातल्या चौघांनी दीड महिना नवं कापड बघायचं नाही, कारण म्हातारी कोष्टकात नाहीच. मला याच्यावर उत्तर हवं होतं. तुमचं लक्ष मटणावर.

बरं, हे सूत्र सरकारने आनंदाने मान्य केलं असंही नाही. १९५७ च्या निकषांनी महिन्याला साधारण १२५ रुपये निघत होते. दुसऱ्या वेतन आयोगाने १९५९ मध्ये हातावर ८० टेकवले. पुढच्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला, अध्यादेश निघाला, लोक तुरुंगात गेले, नोकऱ्या गेल्या. तुम्ही ज्याला ‘फुकटची खिरापत’ म्हणता तिचा हा इतिहास.

सातव्या आयोगाचं किमान वेतन १८,००० म्हटलं की सगळ्यांचे डोळे विस्फारतात. सहाव्या आयोगाचं किमान ७,०००. १ जानेवारी २०१६ ला महागाई भत्ता १२५ टक्के झालेला, म्हणजे हातात आधीच १५,७५० पडत होते. खरी वाढ २,२५० रुपये, १४.३ टक्के, दहा वर्षांची. हे ‘२.५७ पट’ म्हणून पेपरात छापून आलं आणि तुमच्यासारख्यांना वाटलं, खजिना फोडला. शिवाय १८,००० हे केंद्राचे. आपल्या मध्यप्रदेशात तळाची पायरी १५,५०० ची आहे. हे तुम्हाला माहीत नव्हतं, नाहीतर तुम्ही नक्की लिहिलं असतंत. डिसेंबर २०१९ च्या आदेशाने इथल्या नव्या भरतीवाल्यांना परिवीक्षेत, म्हणजे प्रोबेशनवर, पहिल्या वर्षी पगाराच्या ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९० टक्के असा जिना चढायला लावला, तेही असू दे.

आता तुमचं ब्रह्मास्त्र. अहवालात आहे : सरकारी सामान्य मदतनीसाची एकूण मिळकत २२,५७९, खासगी संस्थांत तोच ८,००० ते ९,५००. आकडे बरोबर आहेत. पण त्यावरून सरकारी माणूस उतू जातोय, एवढंच तुम्हाला कसं दिसलं? त्या ८,००० मध्ये वरची यादी घालून बघा. डाळ-तांदूळ-तेलाशी हातमिळवणी होईतो महिना संपतो. ‘सांवेर रोडवर माझं छोटं युनिट आहे, माझे मदतनीस आनंदात आहेत’ असं तुम्ही लिहिलंय. ते आनंदात आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्हीच ना? किती देता, तो आकडा प्रतिक्रियेत कुठेही नाही. माझ्या पेन्शनचा अंदाज मात्र रुपयांत बांधून झाला.

मध्यप्रदेशातल्या किमान मजुरीचं काय झालं, तेही तुमच्यासारख्या युनिटवाल्यांना तोंडपाठ असेल. १९४८ च्या कायद्यात दर पाच वर्षांच्या आत आढावा घ्या असं होतं. ऑक्टोबर २०१४ नंतर आढावा लागू झाला तो एप्रिल २०२४ ला. वाढ २५ टक्क्यांच्या आसपास, अकुशलाला महिन्याला साधारण ११,८००. त्यावर मालकांच्या संघटना उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठात गेल्या, मे महिन्यात स्थगिती आली, ती डिसेंबरात उठली. बाजार दर ठरवतो म्हणता, तो हा बाजार. याच शहरात हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. कित्येकांच्या विधवा रांगेत होत्या. खासगीच्या शिस्तीचे गोडवे मला इंदूरात बसून ऐकवू नका.

‘याच ताटात जेवल्या’ म्हणालात. जेवले. पण त्या ताटापर्यंत कशी पोचले तेही ऐका. ऐंशीच्या दशकात मी दैनिक वेतनावर टायपिस्ट लागले, कलेक्टर रेटने, म्हणजे जिल्हाधिकारी ठरवतील त्या रोजंदारीने. रविवार, दिवाळी, आजारपण, सगळं बिनपगारी. मुलगा झाला तेव्हाही बिनपगारी. पुढे नियमित झाले, ते माझं नशीब. माझ्या बरोबरीच्या दोघी तशाच रोजंदारीच्या मस्टरवर म्हाताऱ्या झाल्या. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही, तेव्हा ताट वगैरे भाषा जपून वापरा.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत आमच्या शाखेच्या दाराशी दोन स्टुलं असायची. एकावर नियमित भृत्य, म्हणजे शिपाई, दुसऱ्यावर आउटसोर्स एजन्सीचा मुलगा. दोघंही त्याच फायली वाहायचे, तेच पाणी भरायचे, साहेबांच्या त्याच घंटीला उठायचे. मुलगा जरा लवकर उठायचा. पहिल्याचा पगार एक तारखेला. दुसऱ्याचे पैसे वीस तारखेपर्यंत कधीही. एकदा त्याने पगाराची चिठ्ठी माझ्यासमोर धरली, म्हणाला, “मॅडम, यात माझं किती कापलं ते वाचून सांगा.” चिठ्ठी इंग्रजीत. भविष्य निर्वाह निधीचे दोन्ही वाटे, कामगाराचा आणि मालकाचाही, त्याच्याच रकमेतून वळते केलेले. खाली वर्दीचे पैसे, ती वर्दी त्याला मिळालेली नव्हती. मी टिपण लिहून वर पाठवलं. वरून शेरा आला : करार एजन्सीशी आहे, कार्यालयाचा संबंध नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजितसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमित माणसाचंच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या श्रेणीचं किमान वेतन मिळालं पाहिजे. मग सरकारांनी काय केलं? तात्पुरती माणसं घेणंच कमी केलं, आणि मधे एजन्सी आणून बसवली. माझ्या मूळ लेखाचा मुद्दा हा होता. किमान वेतनाचं कोष्टक आयोग कितीही नेटकं आखो, तळाची कामं त्या कोष्टकाबाहेर ढकलली की झालं. आता न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला, त्याला अहवालासाठी अठरा महिने दिले. लोक फिटमेंट फॅक्टरवर, म्हणजे जुनं मूळ वेतन कितीने गुणून नवं काढणार यावर, पैजा लावत बसलेत, आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातला शेवटचा खवय्या घरी गेल्यावर रात्री जो रस्ता झाडतो, ज्याच्या जिवावर हे शहर २०१७ पासून स्वच्छतेचे फोटो काढून घेतंय, तो बऱ्याचदा त्या कोष्टकात नसतोच. तुम्ही या सगळ्यावर एक ओळ खर्चलेली नाही. ‘बाकी लेख भावनिक’ म्हणून मोकळे झालात.

उरलेल्या गोष्टी भराभर उरकते. पेन्शन : राज्यात १ जानेवारी २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे हा ओरडा जरा शिळा आहे. राज्याचं कर्ज : अर्थमंत्र्यांना विचारा, ते शिपायाच्या डाळीमुळे झालेलं नाही. कामचुकारपणा : आहे. मी त्याच्याशी जन्मभर भांडले. पण एखादा अकरा वाजता येतो म्हणून त्याच्या पोरांचे उष्मांक कापा, ही शिक्षा कुठल्याच सेवानियमात नाही. तुमच्या युनिटमध्ये असेल तर कळवा.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकीन असं तुम्ही शेवटी गृहीतच धरलंय. ती जशीच्या तशी खाली आहे. फक्त सफाई कामगारांसाठी तुम्ही जो शब्द वापरलात तिथे मी फुल्या मारल्या आहेत. तो पुन्हा दिसला तर मात्र अख्खी प्रतिक्रिया जाईल, मग त्यात आकडे कितीही बरोबर असोत.