‘आकडे घोकणाऱ्यांनी मॅच पण बघावी’ : अनामिक यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, तेव्हाच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण रागात लिहू नये म्हणून थांबलो. राग अजून गेलेला नाहीये, तो वाक्यांमध्ये दिसला तर त्याचं कारण तुमची भाषा आहे, मुद्दा नाही.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, २०१६ च्या फायनल्सचा सातवा, शेवटचा गेम घेतला होता, क्लीव्हलँड ९३, गोल्डन स्टेट वॉरियर्स ८९. क्लीव्हलँडच्या लेब्रॉनचा ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) आणि कायरीचा थ्री (लांबून मारलेली तीन पॉइंटची बास्केट) सगळ्यांना पाठ आहे, पण त्यांच्याच केव्हिन लव्हने त्या दिवशी काय केलं ते बॉक्स स्कोअर, म्हणजे प्रत्येक प्लेअरच्या आकड्यांचा तक्ता, नीट वाचल्याशिवाय दिसत नाही असं माझं म्हणणं होतं. त्यावर अनामिक लिहितात: "आकडे घोकणाऱ्यांनी जरा मॅच पण बघावी. एका मॅचच्या प्लस-मायनसला काडीची किंमत नसते. ३२ मारणाऱ्या ड्रेमंडला सोडून ९ मारणाऱ्या लव्हचं कौतुक, तेही इतकं लांबलचक. कधी कोर्टवर पाय ठेवलाय का?" (प्लस-मायनस म्हणजे प्लेअर कोर्टवर असताना त्याची टीम समोरच्यांपेक्षा किती पॉइंट्सनी पुढे किंवा मागे गेली तो आकडा, आणि ड्रेमंड म्हणजे वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन.)

'घोकणारे' म्हणे. असहमत असाल तर असहमत आहे म्हणा, मी काय घोकतो आणि काय बघतो हे तुम्हाला कसं माहीत? ती मॅच मी लाइव्ह बघितली आहे, आपल्याकडे २० जूनचा सोमवार होता, पहाटे साडेपाचला सुरू झाली आणि ऑफिसला उशिरा पोचलो त्या दिवशी. नंतर रेकॉर्डिंग कितीदा बघितलं असेल ते विचारूच नका.

आणि कोर्टवर पाय. कॉलेजात खेळलोय, टीममध्ये होतो, बेंचवरच जास्त होतो पण होतो. त्यानंतर बरीच वर्षं जिल्ह्याच्या टूर्नामेंट्सना टेबलवर बसून स्कोअरशीट लिहिलंय, रनिंग स्कोअर, फाउल, टाइमआउट, सगळं हाताने. तिथे बसलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते की बघणाऱ्याच्या लक्षात काय राहतं आणि खरं काय घडलं यात फार फरक असतो. एकदा एका टीमचे कोच आमच्या टेबलवर येऊन ओरडत होते की माझ्या पोराचे चारच फाउल झालेत, तुम्ही पाचवा कुठून आणला, आणि अख्खा हॉल त्यांच्या बाजूने, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. शीटवर पाचही फाउल क्वार्टरसकट लिहिलेले होते, पहिला सुरुवातीच्या दोन मिनिटांतला, जो कुणालाच आठवत नव्हता. त्यामुळे "मॅच बघा" हे मला सांगू नका, बघणाऱ्यांचं मी फार ऐकलंय.

आता या मॅचचंच घ्या ना. बघितलेल्या कुणालाही विचारा वॉरियर्स का हरले, तो सांगेल थ्री गेले नाहीत. करी आणि क्ले थॉम्पसन या त्यांच्या दोन शूटर्सचे मिळून २४ पैकी ६ गेले हे खरंच आहे, ते डोळ्यात राहतं. पण टीम म्हणून वॉरियर्सचे थ्री ४१ पैकी १५ गेले आणि क्लीव्हलँडचे २५ पैकी फक्त ६, म्हणजे थ्रीमध्ये वॉरियर्स २७ पॉइंट्सनी पुढे होते!! मग मॅच गेली कुठे? दोन पॉइंटच्या बास्केट क्लीव्हलँडच्या २७, वॉरियर्सच्या १७, इथे २० पॉइंट्स गेले, फ्री थ्रो २१ विरुद्ध १०, इथे ११ गेले. ३१ वजा २७, चार, तोच फरक ज्याने मॅच हरले. आतल्या खेळात हरले ते, आणि त्यांचा सेंटर बोगट पाचव्या गेममध्ये जखमी होऊन बाहेर गेलेला असताना आत रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, कोण घेत होतं? क्लीव्हलँडचे ४८ रिबाउंड, वॉरियर्सचे ३९, त्या ४८ मधले १४ एकट्या लव्हचे, लेब्रॉनपेक्षाही ३ जास्त. हे मॅच बघताना मला दिसलं नव्हतं, तुम्हाला दिसलं असेल तर तसं लिहा.

शेवटची मिनिटंही तशीच. ४ मिनिटं ३९ सेकंद बाकी असताना ८९-८९ झाले आणि नंतर ५३ सेकंद उरेपर्यंत दोन्हीकडून एकही पॉइंट नाही. आठवणीत तो काळ नुसता ब्लॉक आहे, वॉरियर्सच्या इग्वोडालाच्या मागून धावत आलेला लेब्रॉन. प्ले-बाय-प्ले, म्हणजे प्रत्येक चालीची नोंद, उघडून ओळीने वाचलं तर हुकलेल्या शॉट्सची रांग दिसते, त्यात लेब्रॉनचेही आहेत. त्याने ब्लॉक लहान होत नाही, उलट दोन्ही टीम किती दमल्या होत्या आणि तरी तो माणूस कसा पळाला ते तिथे कळतं, म्हणून तर मी आकडे वाचतो, खेळावर प्रेम आहे म्हणून.

प्लस-मायनसचं एवढं मान्य की एका मॅचवरून प्लेअरची लायकी ठरवू नये, सोबत कोण खेळतंय समोर कोण आहे यावर ते बरंच हलतं. पण मी लव्हची लायकी ठरवतच नव्हतो, त्या एका मॅचबद्दल बोलत होतो, आणि त्या मॅचमध्ये तो अधिक १९ होता, दोन्ही टीममध्ये सगळ्यात जास्त. टीम जिंकली चारने. म्हणजे तो बेंचवर असताना क्लीव्हलँड १५ ने मागे पडलं, ही साधी वजाबाकी आहे, त्याला काडीची किंमत नाही म्हणणं हा नुसता उर्मटपणा झाला.

ड्रेमंडचे ३२ पॉइंट्स, १५ रिबाउंड, ९ असिस्ट, थ्री ८ पैकी ६, हे सगळं मूळ पोस्टच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. ते न वाचता 'सोडून दिलं' म्हणता येत नाही. लांबलचक वाटलं असेल तर वाटू दे, त्यावर मला काही बोलायचं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी डिलीट केलेली नाही, करणारही नाही, काही वाचकांनी मेल करून सांगितलं तरी. पण पुन्हा लिहाल तेव्हा खाली नाव टाका, मी माझ्या नावाने लिहितो. आणि ते उणे १५ लव्हमुळे नसतील तर कशामुळे होते, कुठल्या क्वार्टरमध्ये कुठला लाइनअप असताना गेले, ते लिहून पाठवा, स्वतंत्र पोस्ट म्हणून तुमच्या नावाने टाकतो.