दोन ओळींचा शोधनिबंध आणि पायऱ्या न लिहिण्याची सबब

गुहागरला मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतोय: '१९६६ साली लँडर आणि पार्किन यांनी दोन वाक्यांच्या शोधनिबंधात ऑयलरला खोटं ठरवलं. कॉनवेनं तर दोनच शब्दांत काम भागवलं. थोर माणसं पानं भरत नाहीत, मग आमच्या मुलांना पायऱ्या कशाला लिहायला लावता?' हे निबंध खरोखरच आहेत. त्यांच्यावरून काढलेला अर्थ मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो वाचून मुलं पायऱ्या गाळायला लागली आहेत, म्हणून लिहितोय.

पहिला निबंध. अठराव्या शतकातला गणितज्ञ ऑयलर याचा अंदाज होता की पाचव्या घातांची बेरीज पुन्हा पाचवा घात व्हायला निदान पाच संख्या लागतात. लँडर-पार्किननी चारांत करून दाखवलं: २७, ८४, ११० आणि १३३ यांचे पाचवे घात मिळवले की १४४चा पाचवा घात येतो. 'कधीच होणार नाही' म्हणणाऱ्याला एक उदाहरण पुरतं, म्हणून निबंध आखूड. पण त्याची सुरुवातच मेसेजवाल्यानं गाळली. सीडीसी ६६०० या संगणकावर थेट शोध घेतला, असं तिथे लिहिलंय. त्या काळी जगात त्याहून वेगवान संगणक नव्हता. आणि हे सर्वांत लहान उदाहरण आहे, असंही लिहिलंय. त्या 'सर्वांत लहान'मध्ये त्याच्या आतले सगळे पर्याय तपासल्याचं काम आहे.

शनिवारी पाऊस कोसळत होता, लाइट गेलेले. असगोलीहून येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, हातानं करून बघूया?" आधी एककाचा अंक पाहिला. पाचव्या घातात तो बदलत नाही: ७, ४, ०, ३ मिळून १४, म्हणजे ४; १४४चाही ४. मग पडवीत बसून गुणाकार. पहिल्या खेपेला जुळेना. दुसऱ्या खेपेला दोन्हीकडे ६१,९१,७३,६४,२२४ आले, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

कॉनवे आणि सोइफर या गणितज्ञांच्या २००५च्या निबंधात मजकूर फक्त 'एन वर्ग (n²) अधिक दोन पुरतात' एवढाच, हे कबूल. पण खाली दोन आकृत्या आहेत आणि सिद्धता त्या आकृत्यांतच आहे. शिवाय शीर्षकात विचारलंय की एन वर्ग अधिक एक एवढ्या एकक (बाजू १ असलेल्या) समभुज त्रिकोणांनी, एनपेक्षा किंचित मोठ्या बाजूचा समभुज त्रिकोण झाकता येईल का. त्याचं उत्तर निबंधात नाहीच. एक जास्त घेतला तर जमतं, एवढंच आहे.

आता आखूड म्हणजे खरं, हा समज. १९५१ साली लेंझ नावाच्या संशोधकानं काही ओळींत मांडलं की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानांचं गुणोत्तर पाय (π) या संख्येच्या पाचव्या घाताच्या सहापट, म्हणजे १८३६.१२ येतं. तेव्हाच्या मोजमापाशी ते जुळत होतं. मोजमाप सुधारलं तसं ते १८३६.१५च्या पुढे गेलं आणि जुळणी तुटली. का जुळावं याचं कारण त्या ओळींत नव्हतंच.

थोर माणसं पानं भरत नाहीत? ज्या ऑयलरचं नाव घेताय त्याचं लेखन आठशेहून अधिक कृतींचं आहे. गणितज्ञ वाइल्सची १९९५ची फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता शंभराहून अधिक पानांची.

राहिल्या पायऱ्या. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, हे पालकांना ठाऊक आहेच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते शनिवारी घडलं. बेरीज जुळेना तेव्हा त्या मुलीनं वही उलट वाचत नेली. १३३चा तिसरा घात काढताना १७,६८९ गुणिले ३ केलं होतं, तिथे हातचा २ राहिला होता: ५३,०६७च्या जागी ५३,०४७. ती ओळ लिहिलेली होती, म्हणून सापडली.