उष्टावण आणि रजेचा शेवटचा आठवडा

२०२४ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेनं एक तपासणी जाहीर केली. एका बड्या कंपनीचं बाळांसाठीचं तयार धान्यपीठ भारतात विकलं जातं तेव्हा एका वेळच्या खाण्यात जवळपास ३ ग्रॅम वरून घातलेली साखर असते, आणि त्याच कंपनीच्या जर्मनीतल्या किंवा ब्रिटनमधल्या डब्यात ती नसते, असं त्यात निघालं. तेव्हा महाराष्ट्रातल्या आईबापांमध्ये पेटलेला वाद अजून विझलेला नाही. एक बाजू म्हणते, डबे फेकून द्या, आमच्या आयांनी आम्हाला घरच्या पेजेवर वाढवलं. दुसरी म्हणते, त्या आयांना नऊ तासांची नोकरी आणि दीड तासाचा लोकल प्रवास नव्हता.

जर्मनीत राहून हा वाद ऐकताना खटकतं ते असं, की दोन्ही बाजू ‘घरचं’ हा शब्द प्रमाण न सांगता वापरतात. किती घट्ट, किती तूप, किती वेळा, आणि मुख्य म्हणजे कोण करणार, हे कुणी बोलत नाही.

आधी ‘कोण करणार’ ते बघू. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. सहा महिने निव्वळ आईचं दूध आणि मग वरचं अन्न, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा महिने म्हणजे साधारण २६ आठवडे. याचा अर्थ, ज्या आठवड्यात बाळाचं उष्टावण, नेमक्या त्याच आठवड्यात आई ऑफिसात परत. आधी रजा घेतली असेल तर ती त्याच्या दोन महिने आधीच परतलेली असते. वडिलांना केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस, आणि खाजगी नोकरीत कायद्यानं काहीच नाही. ज्या बाईच्या हातून दुसऱ्यांच्या घरचा स्वयंपाक होतो, तिला तर ही २६ आठवड्यांची भरपगारी रजा ठाऊकच नाही. तिच्या बाळाच्या वाट्याला अंगणवाडीतून मिळणारं टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या कोरड्या शिध्याचं, पाकीट येतं. तेव्हा घरच्या अन्नाचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी रजेचा आग्रह धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जर्मनीत ‘एल्टर्नगेल्ड’ म्हणून पालकांना भत्ता मिळतो. आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, महिन्याला कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो. दोघांनी मिळून घेतला तर तो १४ महिने मिळतो, पण एकट्याला १२ च्या वर नाही. उरलेले दोन महिने दुसऱ्यानं घेतले नाहीत तर बुडतात. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत आईबाप दोघांना हा पूर्ण भत्ता एकाच वेळी, काही अपवाद सोडले तर, एकच महिना घेता येतो. म्हणजे बापाचा निदान एक महिना बहुधा असा येतो की आई कामावर, आणि घरात तो व बाळ दोघंच. त्या महिन्यात खिचडी कुकरला कोण लावणार हा प्रश्नच उरत नाही. जर्मनीतल्या घरांमध्ये बाप बाळाला भरवताना दिसतात त्याचं श्रेय लोक संस्कृतीला देतात. मी ते या नियमालाही देईन.

इथल्या मराठी घरांनी एक चूक हमखास टाळावी. हा भत्ता बाळाच्या आयुष्याच्या महिन्यांवर मोजतात, कॅलेंडरच्या नाही. बाळ १२ तारखेचं असेल तर त्याचा महिना १२ ते पुढच्या ११ तारखेपर्यंत. ऑफिसात मात्र १ ते ३० अशी रजा टाकली, तर रजा दोन महिन्यांत अर्धी-अर्धी विभागली जाते, उरलेल्या दिवसांचा पगार दोन्हीकडे मोजला जातो आणि भत्ता कापला जातो. रजेची सूचना सात आठवडे आधी द्यावी लागते. बापानं सातवा-आठवा महिना धरावा, कारण अन्नाची घडी तेव्हाच बसते.

आजीचंही गणित आहे. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. आजी प्रसूतीच्या दोन आठवडे आधी आली तर बाळ ११ आठवड्यांचं असताना तिला परतावं लागतं. त्यानंतर ९० दिवस बाहेर काढले की ती पुन्हा येऊ शकते, तेव्हा बाळ असतं २४ आठवड्यांचं. उष्टावणाला दोन आठवडे बाकी! फक्त पहिल्या वेळीच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागायला हवा.

आता प्रमाण. आपल्याकडे वरचं अन्न म्हणजे डाळीचं पाणी, भाताची पेज, भाज्यांचं सूप. हलकं, पचायला सोपं. पण बाळाचं पोट वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढंच असतं. सात किलोच्या बाळाचं जेमतेम एक मोठी वाटी. आईच्या दुधात १०० मिलिलिटरला ६५ ते ७० कॅलरी असतात. डाळीच्या वरच्या पाण्यात त्याच्या जवळपासही नसतात, डाळ खाली राहते आणि मोठ्यांच्या ताटात जाते. म्हणजे पोट भरलं, दूध कमी प्यायलं गेलं, आणि बाळाला मिळालं आधीपेक्षा कमी. ‘खातो भरपूर, पण अंगाला लागत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते.

जर्मनीत बाळाच्या लगद्याला ‘ब्राय’ म्हणतात आणि पहिल्या, दुपारच्या ब्रायचं माप ग्रॅममध्ये ठरलेलं आहे. भाजी ९० ते १०० ग्रॅम, बटाटा ४० ते ६०, मांस २० ते ३०, फळांचा रस १५ ते २०, आणि तेल ८ ते १०. शाकाहारी घरात मांसाच्या जागी १० ग्रॅम ओट्स. प्रत्येक आकड्याला कारण आहे. तेल उष्मांकासाठी, मांस लोहासाठी, आणि रस त्यातल्या क जीवनसत्त्वासाठी, कारण धान्य-भाजीतलं लोह त्याच्याशिवाय नीट शोषलं जात नाही. लोहाचा साठा बाळ जन्मताना घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या आसपास सरत येतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. ही सगळी पाकिटातलं खाणारी नाहीत. बहुतेकांच्या घरी घरचंच शिजतं.

ब्रायची चव मला विशेष वाटत नाही, पण हिशेब उचलण्यासारखा आहे, आणि तो आपल्या मऊ खिचडीत तंतोतंत बसतो. तांदूळ ३० ग्रॅम, सालं काढलेली मूगडाळ १५ ग्रॅम, पाणी कोरड्या जिनसाच्या पाचपट, म्हणजे सव्वादोनशे मिलिलिटर. त्यात भोपळा किंवा गाजराचे तुकडे. एवढं थोडं थेट कुकरमध्ये लावलं तर तळाला लागतं. वाटीत घालून, कुकरच्या तळाशी पाणी ठेवून चार शिट्ट्या कराव्यात आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. गरम असतानाच पळीच्या पाठीनं घोटावी. मिक्सरमध्ये फिरवली की भातातला स्टार्च मोकळा होऊन खिचडी चिकट, ताणणारी होते, टाळूला चिकटते आणि बाळ ओकाऱ्या काढतं. मग घरचे म्हणतात, याला खिचडी आवडत नाही. घोटून झाल्यावर दोन लहान चमचे तूप, आणि कोमट झाल्यावर लिंबाचे चार-पाच थेंब. लिंबू शिजवताना पिळलं तर उष्णतेनं क जीवनसत्त्व बरंचसं जातं. चमचा तिरका केला तरी घास लगेच ओघळता कामा नये, ही घट्टपणाची परीक्षा. एवढ्यात साधारण २५० कॅलरी होतात. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० लागतात, म्हणजे हे दोन-तीन वेळचं झालं. आठव्या महिन्यापासून घोटणं कमी करत जावं. नऊ-दहा महिन्यांपर्यंत तोंडाला गुठळी लागलीच नाही, तर पुढे ते मूल गुठळ्या थुंकत बसतं.

मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही, वर्ष पूर्ण होईपर्यंत. ‘अळणी कसं खाईल?’ असं विचारणाऱ्या आज्यांना माझं सांगणं एवढंच की ज्यानं मीठ चाखलेलंच नाही त्याला काही अळणी लागत नाही. मध तर बोटानंही चाटवू नये. त्यातले बोट्युलिझमचे बीजाणू वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि उकळण्यानंही ते मरत नाहीत. चहात बुडवलेलं बिस्किटही नको, कारण चहा लोह अडवतो.

नाचणीच्या सत्त्वावर थोडं जास्त लिहावं लागेल, कारण इथे आमच्यात आणि गावाकडच्यांत सगळ्यात जास्त वाद त्यावर होतात. पांढरंशुभ्र सत्त्व, म्हणजे मोड आलेली नाचणी वाटून, दूध गाळून, खाली बसलेला साका वाळवायचा, हे कौशल्याचं काम आहे. पण नाचणीचं जे कौतुक, १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, त्यातलं बरंचसं सालात असतं आणि ते गाळण्यावर राहतं. कापडाखाली उतरतो तो मुख्यतः स्टार्च. म्हणून मोड आणून, वाळवून, सालासकट दळलेलं पीठच बरं.

नाचणी तीन-चार पाण्यांनी धुवावी, १० ते १२ तास भिजवावी, ओल्या सुती कापडात बांधावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात २४ तासांत मोड येतात. जर्मनीतल्या हिवाळ्यात, २० अंशांच्या खोलीत दोन दिवस लागतात, आणि तेवढ्यात आंबूस वास आला तर ती नाचणी टाकून द्यावी, धुऊन वापरू नये. ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवली तर काम वेळेत होतं. मोड अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे पुरे. मग ऊन नसेल तर ओव्हन ५० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, दाणा दाताखाली ‘कट’ करून फुटेपर्यंत. इथे घाई केली की डब्यात बुरशी धरते. तळहातानं चोळून मोड झाडावेत, मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजावं आणि दळावं.

पण सगळी नाचणी भाजू नये, मूठभर तशीच कच्ची दळून वेगळ्या बाटलीत ठेवावी. मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं आणि कडक भाजण्यानं ते मरतं. खीर घट्ट शिजवून घ्यावी, बोटाला सहन होणार नाही पण वाफाळत नाही इतपत, साधारण ६० अंशांपर्यंत निवू द्यावी, आणि या कच्च्या पिठाचा अर्धा चमचा ढवळून घालावा. पाच मिनिटांत घट्ट गोळा सरसरीत होतो, एक थेंब पाणी न घालता. मग पुन्हा एक उकळी द्यायची, कच्चं पीठ तसंच भरवायचं नाही. अन्न तेवढंच, गिळायला सोपं. पेज पातळ करायला पाणी ओतत राहणं हाच आपल्या घरच्या अन्नातला मोठा दोष, आणि त्याचा उपाय आपल्याच मोडांत आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत यावर कितीतरी काम झालंय.

रोज ताजं की साठवलेलं? इथे भाजीचा ब्राय बर्फाच्या ट्रेमध्ये उणे १८ अंशांवर दोन महिने ठेवतात. नोकरी करणाऱ्या घरात यात काहीही कमीपणा नाही. भाजी-डाळ गोठवावी, तूप-तेल गरम केल्यावर घालावं, एकदा गरम केलेलं पुन्हा गोठवू नये. भाताचं तेवढं सांभाळावं. शिजलेला भात ओट्यावर तासाहून जास्त ठेवू नये, कारण त्यातले जिवाणू वाढून विष सोडू शकतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. पालकाची भाजी बाळासाठी शिळी करू नये.

आणि जर्मनी म्हणजे सगळं आदर्श, असंही नाही. फळांच्या गराच्या चोखायच्या पिशव्या, ‘क्वेची’, इथल्या प्रत्येक बाबागाडीत दिसतात. वरून साखर घातलेली नसली तरी गर केल्यावर फळातली साखर मोकळी होतेच, मूल चावायला शिकत नाही, आणि दात तासन्‌तास त्या गोडात भिजतात. या बाबतीत हातात दिलेली पिकल्या केळ्याची फोड शंभरपट चांगली, मग ती पुण्यात असो की म्युनिकमध्ये.

आजी परत जायच्या आधी एक काम मात्र उरकून घ्यावं. ‘अंदाजानं घालते’ असं ती म्हणते, त्या अंदाजाचं वजन करावं. तिची तांदळाची मूठ, डाळीची चिमूट, तुपाची धार, प्रत्येक वेळी आधी वजनकाट्यावर आणि मग भांड्यात. तीन दिवस केलं की आकडे स्थिर होतात. ते कागदावर लिहून ओट्याच्या वरच्या कपाटाला चिकटवावेत, आणि चौथ्या दिवशीची खिचडी बाळाच्या बापाला, आजी घरात असतानाच, एकट्याला लावू द्यावी.