माज दिसला की लगेच भरवू नका

'गाय माजावर दिसली की लगेच कृत्रिम रेतन करून घ्या' हा कृत्रिम रेतनावरच्या लेखातला सल्ला पटला नाही. गाई वारंवार उलटण्याचं, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येण्याचं, एक मोठं कारण हीच घाई आहे. गाईचं स्त्रीबीज माज, म्हणजे वळू घेण्याची अवस्था, संपल्यावर साधारण १० ते १२ तासांनी सुटतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी. दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय शांत उभी राहते, ही माजाची पक्की खूण. काचेसारखा बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसला तर नक्की वेळ तिथून मोजू नये, तो आधीही सुरू होतो. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका, म्हणजे बाहेरून फारसा न दिसणारा, असतो, तिच्याकडे पहाटे आणि रात्री उशिरा मुद्दाम बघावं लागतं.

गोठवलेल्या वीर्याच्या कांडीबद्दल लेखात एक ओळही नाही. ती ३७ अंशांच्या पाण्यात किमान ३० सेकंद ठेवून कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना मारक. पाणी किती गरम ते अंदाजाने हात घालून पाहू नका, थर्मामीटर वापरा! आणि भरवल्यानंतर १८व्या ते २४व्या दिवसांत गाय पुन्हा माजावर येते का, ते रोज तपासा.