‘धंद्यात दम असता तर बँकेनेच कर्ज दिलं असतं’ म्हणे!

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: शेतकरी कंपन्या आणि बचत गटांचे उद्योग अनुदानावर जगतात, दम असता तर बँकेने कर्ज दिलं असतं, मोठे उद्योग कसे स्वतःच्या पायावर उभे आहेत, आणि नफाच कमवायचा तर ‘सामाजिक’ कशाला म्हणवता?

आधी बँकेचं बघू. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावचा आमचूर घ्या. उन्हाळ्यात कैऱ्या उतरवायच्या, सोलून फोडी वाळवायच्या आणि पेरणीआधी रोख हातात हवी. त्यामुळे व्यापारी म्हणेल तो भाव. गटाने माल गोळा करून चार महिने थांबायचं ठरवलं, तर घराघरांत पैसे आधी द्यावे लागतात. त्यासाठी खेळतं भांडवल हवं, आणि बँक तारण मागते. सातपुड्यात कित्येकांची जमीन वनहक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो हक्क वारसाला मिळतो, पण विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. लिलावच होऊ शकत नाही ती जमीन बँक तारण कशी धरेल? आमचूर खपेल का, इथपर्यंत गोष्ट पोचतच नाही.

पतहमी लागते ती इथे. केंद्राच्या २०२० च्या शेतकरी उत्पादक संघटना योजनेत २ कोटींपर्यंतच्या प्रकल्प कर्जाला अशी हमी आहे. कर्ज व्याजासकट फेडायचंच असतं. थकलं तर बँकेच्या तोट्याचा वाटा हमी उचलते. याला खिरापत कसं म्हणणार?

अनुदानाचंही तेच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत केळी वेफर्सच्या युनिटला ३५ टक्के मिळतात खरे, पण आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं. वर पैसे हातात येत नाहीत. तीन वर्षांनी युनिट चालू आणि खातं नियमित असेल, तरच ते कर्जात वळते होतात.

कागदावरच्या कंपन्या आहेत, हे मात्र खरं. नुसती पाटी लावलेल्या. पण त्यात धोरणाचाही हात आहे. शेतकरी उत्पादक संघटनांच्या त्याच २०२० च्या योजनेत व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते. रावेर-यावलच्या केळीला लागवडीपासून घड उतरेपर्यंत सुमारे वर्ष जातं. म्हणजे कंपनीने दोन-तीन हंगाम पाहिले की मदत संपली. मला विचाराल तर नोंदण्यांचे आकडे फुगवण्यापेक्षा तो पैसा खेळत्या भांडवलात घालावा. सोशल स्टॉक एक्स्चेंजचं, म्हणजे सामाजिक कामासाठी पैसे उभारायच्या शेअर बाजारातल्या विभागाचं, कौतुक बरंच झालं, पण ना-नफा संस्थेने तिथे पैसे उभारायचे तर एका वेळी किमान ५० लाखांचा इश्यू (रोख्यांची विक्री) हवा, तोही २०२३ मध्ये १ कोटीवरून खाली आणल्यावर. धडगावच्या गटाने तिकडे बघायचंही कारण नाही.

मोठ्या उद्योगांच्या ‘स्वतःच्या पायां’बद्दल थोडक्यात: राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ, कराचा परतावा. त्यांना दिलं की प्रोत्साहन, गटाला दिलं की फुकटेपणा!

राहिला नफा. तो कमवायला कुणीच मना केलेलं नाही. वाटायचा कसा, यावर कायद्याचं बंधन आहे. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपनीला लाभांश वाटताच येत नाही. राज्याच्या सहकार कायद्यात त्याला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीत बोनस मिळतो तो सभासदाने किती व्यवहार कंपनीशी केला, त्या प्रमाणात.